हाताला कसब, खिशात विद्यावेतन... आणि पुढे?

कारखान्याला हवी तशी माणसं घडवायची, तर खर्च कोणी करायचा? सरकारनं, कारखानदारानं की शिकणाऱ्यानं? लखनौच्या आयटीआयपासून गोमतीकाठच्या चिकन कारागिरांपर्यंत या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी मिळतात. मुलांच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराला ती ठाऊक असायला हवीत.

लखनौच्या दोन नवाबांची गोष्ट कोणी ऐकली नसेल? दोघे स्टेशनवर आले. गाडी उभी होती. डब्याच्या दाराशी एक अदबीनं म्हणाला, ‘पहले आप.’ दुसरा कसला मागे राहतो? तोही म्हणाला, ‘नहीं, पहले आप.’ हा शिष्टाचार चालू असतानाच शिट्टी झाली आणि गाडी निघून गेली.

गोष्ट हसण्यावारी नेण्याची. पण आपल्या तंत्रशिक्षणात हाच प्रसंग वर्षानुवर्षं घडत आलाय. कारखानदार म्हणतो, आधी मुलं नीट शिकवून पाठवा, मग नोकरी देऊ. संस्था म्हणते, आधी नवी यंत्रं द्या, मग मुलं नीट शिकवू. सरकार म्हणतं, आम्ही पैसे देतो, पण आधी तुम्ही दोघं एकत्र या. या ‘पहले आप’मध्ये गाडी चुकते ती फलाटावर उभ्या असलेल्या तिसऱ्याच माणसाची. दहावी-बारावी झालेल्या, घरी कमावत्या हाताची गरज असलेल्या पोराची किंवा पोरीची.

ही गाडी चुकू नये म्हणून सरकारी अनुदानाचे अनेक प्रयोग झाले. ते कसे चालतात आणि कुठे अडतात हे पाहायला लखनौइतकं चांगलं गाव नाही. इथे मोठे कारखाने आहेत, बंद पडलेला कारखाना आहे, सरकारी तंत्रशाळा आहेत आणि कारखान्याच्या भिंतीही न पाहिलेले हजारो कसबी हातही आहेत.

अलीगंजचं आवार

लखनौच्या अलीगंज भागात सरकारी आयटीआय आहे. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन ही आपल्याकडच्या कुठल्याही आयटीआयत ऐकू येणारी नावं तिथेही ऐकू येतात. दुसरी जुनी सरकारी संस्था चारबाग भागात. १९५० साली देशात कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तिच्या छत्राखाली अशा संस्था गावोगाव उभ्या राहिल्या. उत्तर प्रदेशात आज सरकारी आयटीआय तीनशेच्या आसपास आहेत आणि खासगी त्याच्या कितीतरी पट.

अलीगंजच्या याच आवारात उत्तर प्रदेश कौशल्य विकास मिशनचं कार्यालय आहे. हे मिशन २०१३ साली स्थापन झालं. म्हणजे एकाच फाटकातून आत गेलं की एका बाजूला एक-दोन वर्षांचे जुने अभ्यासक्रम, तर दुसऱ्या बाजूला काही महिन्यांत शिकवून कामाला लावण्याच्या नव्या योजनांचा कारभार. इथे रोजगार मेळावे भरतात. कंपन्यांची माणसं टेबलं मांडून बसतात आणि हातात फायली घेतलेली पोरं रांगा लावतात. कित्येक जण बाराबंकी, सीतापूर, हरदोई अशा जवळपासच्या जिल्ह्यांतून पहाटेची बस पकडून आलेले असतात.

शहराभोवती काम नाही असं नाही. १९७० पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचे सुटे भाग बनवणारा विभाग इथे आहे. १९९२ मध्ये टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, आपला ट्रक-बसचा कारखाना इथे सुरू केला. रेल्वेचे जुने वर्कशॉप आहेत. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या संरक्षण कॉरिडॉरमधल्या सहा ठिकाणांपैकी लखनौ हे एक. ११ मे २०२५ रोजी ब्राह्मोस क्षेपणास्त्रांच्या जुळणीच्या केंद्राचं उद्घाटनही इथेच झालं. प्रश्न कामाचा नाही. त्या कामाला लागणारं कसब आणि अलीगंजच्या वर्कशॉपमधलं लेथ मशीन यांच्यामध्ये किती वर्षांचं अंतर आहे, हा प्रश्न आहे.

अडीच कोटींचं कर्ज

हे अंतर कमी करण्याचा एक मोठा प्रयत्न २००७-०८ मध्ये झाला. देशातल्या १३९६ सरकारी आयटीआय उद्योगांच्या भागीदारीनं सुधारायच्या असं केंद्र सरकारनं ठरवलं. योजना मोठी कल्पक होती. प्रत्येक संस्थेसाठी एक व्यवस्थापन समिती नेमायची. तिचा अध्यक्ष उद्योगातला. त्यानं सुचवलेले चार स्थानिक उद्योजक, राज्य सरकारनं नेमलेले पाच सदस्य आणि संस्थेचे प्राचार्य सचिव, असे एकूण अकरा जण. या समितीला केंद्राकडून अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज. फेडीची मुदत तीस वर्षं. त्यातही पहिली दहा वर्षं हप्ता नाही. शिवाय २० टक्क्यांपर्यंत जागा भरण्याचा अधिकार समितीकडे.

यात पैसा सरकारचा, पण तो कसा खर्चायचा हे ठरवणार कारखानदार. कल्पना अशी, की ज्याला माणसं हवीत, त्यालाच कोणतं यंत्र घ्यायचं आणि काय शिकवायचं हे जास्त कळतं.

अनुभव संमिश्र आला. जिथे अध्यक्षाला मनापासून गोडी होती, तिथे नवी यंत्रं आली, वर्कशॉपना रंग लागला, मुलांना कारखाना आतून पाहायला मिळाला. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या खेडच्या आयटीआयला भारत फोर्जसारखा भागीदार मिळाला. पण अनेक ठिकाणी अध्यक्ष नावापुरता राहिला. बैठका कागदावर झाल्या आणि कर्जाची रक्कम बँकेत मुदत ठेवीत व्याज खात बसली. कर्ज घेतलं की ते फेडावं लागणार या धास्तीनं प्राचार्य पैशाला हात लावायला कचरत. आणि शिकवणाराच नसेल तर नवं यंत्र तरी काय कामाचं? निदेशकांची रिक्त पदं भरणं त्या समितीच्या हातात नव्हतं.

त्यानंतर उत्तर प्रदेश सरकारनं दुसरी वाट धरली. कर्नाटकानं आपल्या १५० आयटीआय टाटा टेक्नॉलॉजीजच्या मदतीनं सुधारल्या होत्या. त्याच धर्तीवर उत्तर प्रदेशानंही १५० सरकारी आयटीआयसाठी त्याच कंपनीशी करार केला. इथे एकेका गावच्या कारखानदाराऐवजी एकच मोठा भागीदार आहे. त्यानं यंत्रं, संगणकीय प्रणाली आणि शिक्षकांचं प्रशिक्षण आणायचं. खर्चाचा मोठा वाटा कंपनी आणि तिच्या भागीदारांचा, उरलेला राज्याचा. रोबो, थ्रीडी छपाई, विजेवरच्या गाड्यांची दुरुस्ती असे विषय त्यातून आयटीआयच्या पाटीवर आले.

आणि ७ मे २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या एक हजार सरकारी आयटीआय सुधारण्याची साठ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचे तीस हजार कोटी, राज्यांचे वीस हजार कोटी आणि उद्योगांचे दहा हजार कोटी असा हिशेब आहे. दोनशे संस्था मध्यवर्ती, आठशे त्यांना जोडलेल्या. पाच वर्षांत वीस लाख तरुणांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘पीएम सेतू’ या नावानं ती सुरू झाली. या वेळी उद्योगांना नुसतं अध्यक्षपद दिलेलं नाही, खिशात हातही घालायला सांगितलंय. अडीच कोटींच्या योजनेतून घेतलेला हा धडा म्हणायला हरकत नाही. ज्याचा पैसा अडकतो, त्याचं लक्ष राहतं.

शिकाऊ की स्वस्त मजूर?

संस्थेतलं शिक्षण ही अर्धी बाजू. खरं शिक्षण कारखान्याच्या जमिनीवर होतं. त्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. आपल्याकडे पिंपरीच्या टेल्कोत ॲप्रेंटिस म्हणून निवड झाली की घरात पेढे वाटले जायचे, ते दिवस अनेकांना आठवत असतील. पुण्याचा कारखाना उभारणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी प्रशिक्षणाला सुरुवातीपासून मानाचं स्थान दिलं होतं. लखनौचा कारखाना त्याच घरातला.

तीस किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या आस्थापनेनं एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत असा आजचा नियम आहे. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना ७००० रुपये ठरवलं. मालकाला हा भार वाटू नये म्हणून २०१६ पासून केंद्र सरकार विद्यावेतनाचा पाव हिस्सा, कमाल १५०० रुपये, उचलतं. आधी ही रक्कम मालकाला मागाहून मिळायची. ऑगस्ट २०२३ पासून ती थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जाऊ लागली. उत्तर प्रदेश सरकारनं आपल्या मुख्यमंत्री शिक्षुता प्रोत्साहन योजनेतून त्यात महिना १००० रुपयांची भर घातली. म्हणजे मालकाचा भार अडीच हजारांनी हलका.

आता नाण्याची दुसरी बाजू. कायद्यानं शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, विद्यार्थी आहे. आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई सोडली तर कामगार कायद्यांचे बहुतेक फायदे त्याला नाहीत. मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधनही मालकावर सहसा नसतं. चांगला मालक याचा उपयोग आपली पुढची पिढी तयार करण्यासाठी करतो. कच्चा मालक काय करतो? मुलाला एकाच यंत्रावर उभं करतो, वर्षभर तेच काम करून घेतो आणि वर्ष सरलं की दुसरा मुलगा आणतो. पहिल्याच्या हातात उरतं एक प्रमाणपत्र.

म्हणूनच ‘किती जणांना प्रशिक्षण दिलं’ या आकड्यावर समाधान मानण्यात अर्थ नाही. अल्पमुदतीच्या कौशल्य योजनांनी हे दाखवून दिलंय. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. बहुसंख्य लाभार्थ्यांच्या बँक खात्याचे तपशील कोरे किंवा निरुपयोगी होते, असं त्यात आढळलं. ज्याचं खातंच नीट नोंदलेलं नाही, त्याला नोकरी लागली की नाही हे कोण आणि कसं शोधणार?

‘विक्रम’ची आठवण

भागीदारीचा आणखी एक धोका लखनौनं जवळून पाहिलाय. १९७२ साली सरकारनं इथे स्कूटर्स इंडिया ही कंपनी काढली. इटलीच्या लँब्रेटाची यंत्रसामग्री आणून सरोजिनीनगरला कारखाना उभा राहिला. ‘विजय सुपर’ स्कूटर तिथून बाहेर पडली. मागाहून तीनचाकी ‘विक्रम’ आली आणि उत्तरेतल्या शहरांत ‘टेंपो’ म्हणजे विक्रम असं समीकरणच झालं. शहरातल्या किती तरी घरांची चूल या कारखान्यावर पेटत होती. पण १९९७ मध्ये स्कूटरचं उत्पादन थांबलं आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारनं कंपनीच बंद करायचं ठरवलं. पुढे त्याच जुन्या जागेवर अशोक लेलँडचा विजेवर चालणाऱ्या बसचा कारखाना आला.

जागा तीच, शहर तेच. पण दोन आघाती इंजिन उलगडून जोडणाऱ्या हाताला बॅटरी आणि कंट्रोलर आपोआप कळत नाही. ज्यानं एका कंपनीचं एकच काम शिकलंय, तो त्या कंपनीबरोबर बुडतो. ज्यानं धातू, वीज, मापन, रेखाचित्र यांचा पाया पक्का केलाय, तो नवं काम शिकून घेतो. म्हणून उद्योगाला अभ्यासक्रम ठरवू द्यायचा, पण सगळा नाही. कारखान्याची गरज आजची असते, मुलाचं आयुष्य पुढच्या चाळीस वर्षांचं.

सुईला मालक नाही

लखनौच्या चौकात गेलं की दुसरंच जग दिसतं. पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्या धाग्यानं फुलं उमलवणारं चिकनकाम. कापड बेततात एक, शिवतात दुसरे, लाकडी ठशांनी नक्षी छापतात तिसरे. मग कापड बायकांच्या घरी जातं. मुर्री, फंदा, बखिया, टेपची, जाळी असे टाके तिथे पडतात आणि शेवटी धोबी छापाचा निळा रंग धुऊन काढतो. चिकनला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

पण या कामात ‘एम्प्लॉयर’ कोण? टाके घालणाऱ्या बाईला काम आणून देतो तो मध्यस्थ, त्याला देतो तो व्यापारी. हजेरीपत्रक नाही, पगारपत्रक नाही. मग शिकाऊ उमेदवाराचं अनुदान कोणाला द्यायचं?

१९८४ मध्ये रुना बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेवा लखनौ’ ही संस्था काढली, ती याच गाठीवर उपाय म्हणून. मध्यस्थाला वगळून बायकांना थेट काम, रास्त मजुरी आणि चांगल्या टाक्यांचं प्रशिक्षण. इथे शिकवणारा आणि काम देणारा एकच. २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारनं ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजना आणली. लखनौसाठी चिकन आणि जरी-जरदोजी निवडली गेली. कारागिरांना दहा दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला २०० रुपये आणि अवजारांचा संच असं तिचं स्वरूप ठरलं. चांगली गोष्ट आहे. पण जी बाई वयाच्या दहाव्या वर्षापासून मुर्री घालतेय, तिला टाका शिकवण्यापेक्षा भाव कसा ठरवायचा, माल कसा विकायचा हे शिकवण्याची गरज जास्त. प्रशिक्षण कशाचं, हे शिकणाऱ्याला विचारून ठरवलं, तरच पैसा सत्कारणी लागतो.

तिकडचं कॉलेज, इकडचं कॉलेज

अमेरिकेत या कामाचा कणा म्हणजे तिथली कम्युनिटी कॉलेजं. त्यातलं सर्वात जुनं सरकारी कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट इथे सुरू झालं. कमी फी, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि घराजवळचं शिक्षण हे त्यांचं वैशिष्ट्य. नॉर्थ कॅरोलायना राज्यानं १९५८ मध्ये नव्या कारखान्यांसाठी माणसं तयार करून देण्याची योजना आखली. टेक्सासनं १९९५ मध्ये कौशल्य निधी उभारला. तिथे उद्योग आणि कॉलेज मिळून अर्ज करतात. मात्र अनुदान कारखान्याच्या हाती पडत नाही. ते कॉलेजला मिळतं, कॉलेज अभ्यासक्रम आखतं आणि कंपनीच्या कामगारांना शिकवतं. कारखाना उद्या हलला, तरी शिक्षक आणि प्रयोगशाळा गावातच राहते.

आपल्याकडेही कम्युनिटी कॉलेजची कल्पना आली. १९९५ मध्ये पुद्दुचेरीला आणि १९९६ मध्ये चेन्नईला पहिली कॉलेजं निघाली. २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं त्यासाठी योजना आणली. स्थानिक उद्योगांशी करार करायचा आणि अर्धवट शाळा सोडलेल्यांनाही दार उघडायचं, हा तिचा गाभा. पण आपल्या घराघरात पदवीचा मान मोठा. ‘डिग्री नाही तर लग्नाच्या बाजारात काय सांगायचं?’ हा प्रश्न लखनौत जसा विचारला जातो, तसाच लातुरातही. त्यामुळे ही कॉलेजं मोठी होऊ शकली नाहीत आणि कामाचा भार आयटीआयवरच राहिला.

महाराष्ट्रानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, आधी सहा महिन्यांसाठी. मुदत संपत आली तेव्हा प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले आणि कायम करा म्हणू लागले. मुदत वाढवून अकरा महिने झाली, पण मूळ प्रश्न राहिलाच. ज्या मुलानं एवढे महिने कार्यालयात काम केलं, त्यानं पुढे कुठे जायचं? २०२५ मध्ये राज्यानं आपल्या आयटीआयही खासगी भागीदारीसाठी खुल्या केल्या. किमान दहा कोटी रुपये गुंतवणाऱ्याला दहा वर्षं आणि वीस कोटी गुंतवणाऱ्याला वीस वर्षं. लखनौत जे घडतंय, ते आपल्या दारातही येऊन ठेपलंय.

नवाबांच्या गोष्टीत चूक कोणाचीच नव्हती, दोघेही सभ्यच होते. फक्त गाडी कोणासाठी थांबत नाही, हे दोघे विसरले. सरकार, कारखानदार आणि संस्था या तिघांनी मिळून डब्याचं दार उघडलं आणि शिकणाऱ्याला आधी आत चढू दिलं, तरच त्या ‘पहले आप’ला अर्थ येईल.

चौकट : प्रवेश घेण्यापूर्वी विचारा

मुला-मुलीला आयटीआय, अल्पमुदतीचा अभ्यासक्रम किंवा ॲप्रेंटिसशिपला घालण्यापूर्वी एवढे प्रश्न जरूर विचारावेत.

१. हा व्यवसाय शिकवणारा निदेशक प्रत्यक्ष नेमणुकीवर आहे का? वर्कशॉप चालू असताना एकदा डोळ्यांनी पाहून यावं.

२. संस्थेचा कोणत्या कारखान्याशी करार आहे? मुलं तिथे किती आठवडे काम शिकतात?

३. मागच्या वर्षीच्या मुलांपैकी कोण कुठे लागलं? एक-दोघांना भेटून खात्री करावी.

४. ॲप्रेंटिसशिपचा करार सरकारी पोर्टलवर नोंदला आहे का? नोंद नसेल तर सरकारी विद्यावेतन आणि प्रमाणपत्र, दोन्ही अडकतात.

५. बँक खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं आहे का?

६. एकाच यंत्रावर काम करून घेणार की वेगवेगळ्या विभागांत फिरवणार?

७. पुढे पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो का? अनेक राज्यांत आयटीआयनंतर ही वाट खुली आहे. हाताला काम मिळालं, तरी शिकण्याचं दार बंद होऊ देऊ नये.